शून्य अंश कोणी ठरवला?



गेल्या वर्षी सौंसरकडचे एक संत्रा बागायतदार आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन पांढुर्ण्यास माझ्याकडे आले. मुलाला सेरेब्रल पाल्सी. दोन्ही गुडघे वाकलेले. बाहेरगावच्या एका केंद्रात मांडीला व नडगीला संवेदक बांधून त्याची चाल मोजली होती. चालताना गुडघा पूर्ण सरळ होतो, असे अहवाल सांगत होता. "डॉक्टरसाहेब, रात्रीचे स्प्लिंट आता सोडायचे का जी?" वडिलांनी विचारले. मी मुलास निजवून गोनिओमीटर लावला. शेवटचे 20 अंश गुडघा सरळ होईना.

यंत्र बिघडले नव्हते. हे संवेदक गुडघा पाहत नाहीत. ते केवळ मांडी व नडगी यांची दिशा जाणतात आणि दोहोंतील फरकास सांध्याचा कोन म्हणतात. त्यासाठी आरंभी रुग्णास ताठ उभे करून त्या स्थितीला शून्य मानण्याची पद्धत रूढ आहे. आमचा मुलगा ताठ उभा राहूच शकत नव्हता. त्याचे 20 अंश यंत्राने शून्य म्हणून नोंदवले आणि पुढील प्रत्येक आकडा तेवढाच चुकला. ज्या मुलांसाठी मोजमाप सर्वाधिक आवश्यक, नेमकी त्यांच्याच बाबतीत ही पद्धत फसते.

इतर त्रुटीही ध्यानात घ्याव्यात. संवेदकातील जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो. त्या वेगाची बेरीज करून कोन मिळतो. वेगात सेकंदास 0.1 अंशाची चूक राहिली, तर मिनिटभरात ती 6 अंश होते. ती सावरण्यास ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा देतो. पण वेगवान हालचालीत तोही गोंधळतो. चुंबकीय संवेदक लोखंडी पलंग, व्हीलचेअर वा कॅलिपरजवळ भरकटतो. शिवाय पट्टा हाडाला नव्हे, त्वचेला बांधलेला असतो, आणि पावलागणिक त्वचा व स्नायू हाडावरून सरकतात.

म्हणून ही साधने टाकाऊ ठरत नाहीत. चालताना निरोगी गुडघा सुमारे 60 अंश वाकतो. तेथे चार-पाच अंशांची चूक चालून जाते. परंतु नडगीचे स्वतःभोवती फिरणे मुळातच थोडे असते. तेथे तेवढीच चूक निष्कर्षच बुडवते. आपला गोनिओमीटरही निर्दोष नाही. दोन हातांच्या मोजणीत सहज पाच अंशांचा फरक पडतो. शिवाय गोनिओमीटर निजलेल्या मुलाचा सांधा किती सरळ करता येतो हे सांगतो, तर संवेदक मूल चालताना प्रत्यक्ष काय करते हे. दोन्ही प्रश्न निराळे व दोन्ही आवश्यक आहेत.

तेव्हा असा अहवाल हाती आल्यास तीन गोष्टी विचाराव्यात. शून्य कोणत्या स्थितीत ठरवले? मागील व आताची मोजणी त्याच पद्धतीने झाली का? आणि दिसणारी सुधारणा मोजणीतील चुकीहून मोठी आहे का? गुडघ्याचे 3 अंश सुधारले म्हणून उपचार बदलणे मला धाडसाचे वाटते.

त्या मुलाचे स्प्लिंट चालूच ठेवले. पुढील मोजणीच्या वेळी गोनिओमीटरचे 20 अंश आधी यंत्रास कळवावेत, अशी चिठ्ठी वडिलांजवळ दिली. पाच मिनिटांची ती तपासणी झाली नसती, तर एका चुकीच्या शून्यापायी त्या मुलाचे स्प्लिंट सुटले असते.