कॉर्व्हेटचा आडवा पाटा

शेव्हरोलेची 2006 सालची कॉर्व्हेट झेड06 म्हणजे 7 लिटरचं व्ही-8 इंजिन, 505 अश्वशक्ती आणि वजन जेमतेम 1,420 किलो. सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर, आणि त्या चाकांना स्प्रिंग म्हणून मिळून एकच आडवा पाटा. पाटा म्हटलं की ट्रक आठवतो. अमेरिकेतल्या टीकाकारांनाही तोच आठवत आला.

हा टोमणा अर्धवट माहितीवरचा आहे. ट्रकचे पाटे लांबीत बसतात आणि अख्खा ॲक्सल जागच्या जागी धरतात. या कॉर्व्हेटमध्ये चाक धरायला वेगळे विशबोन आहेत. पाट्याने फक्त भार पेलायचा. शेव्हरोलेचे अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह यांच्या देखरेखीखाली 1963 च्या स्टिंग रेला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, तेव्हा हा पाटा नऊ पोलादी पट्ट्यांचा होता. 1981 मध्ये काही गाड्यांना फायबरग्लासचा एकसंध पाटा मिळाला. जुना 40 पौंडांहून जड, नवा सुमारे 8. 1984 पासून पुढच्या चाकांनाही तसाच आला. नंतरच्या गाड्यांत तो मध्याजवळ दोन ठिकाणी टेकवलेला असल्यामुळे अँटी-रोल बारचंही थोडं काम करतो.

तरीही गाडी घेतल्याबरोबर पाटा काढून कॉइलओव्हर, म्हणजे शॉकभोवती गुंडाळलेली कॉइल स्प्रिंग, बसवणारे मालक पुष्कळ. कॉइलओव्हरने प्रत्येक कोपऱ्याची उंची स्वतंत्र जुळवता येते, स्प्रिंग चटकन बदलता येते. ल मॉंच्या शर्यतीत उतरलेल्या कॉर्व्हेट सी6.आरलाही कॉइलच होत्या. शर्यतीच्या संघाला ही सोय हवीच असते. पण रस्त्यावरच्या गाडीत शॉकचे माउंट फक्त शॉकसाठी केलेले. कॉइलओव्हर आले की गाडीचा भारही त्यांच्यावर येतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

आता जर्मनीच्या न्यूरबर्गरिंगचे आकडे पाहा. 2006 च्या झेड06 ची फेरी 7 मिनिटं 42.99 सेकंदांची. 2012 च्या झेड06 ने, तेवढ्याच अश्वशक्तीवर, 7 मिनिटं 22.68 सेकंदांत ती पुरी केली. चालक वेगळा होता, ब्रेकही कार्बन-सिरॅमिकचे होते, हे खरं. पण मोठा वाटा मॅग्नेटिक शॉक आणि मिशेलिनच्या चिकट टायरांचा. चुंबकाच्या प्रभावाने या शॉकमधला द्रव क्षणार्धात घट्ट-पातळ होतो. पाटा मात्र होता तिथेच होता.

म्हणून खर्चाचा क्रम महत्त्वाचा. एवढ्या ताकदीच्या गाडीत वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की मागचे विशबोन ओढले जातात, जुने झालेले रबरी बुश दबतात आणि चाकाचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो. चालकाला वाटतं, गाडीची शेपटी उगाच सुटली. स्प्रिंग कितीही महागडी घ्या, हा दोष जात नाही. आधी बुश आणि बॉलजॉइंट तपासावेत, मग चांगले शॉक घ्यावेत, आणि शेवटी नीट अलाइनमेंट करून मागे किंचित टो-इन ठेवावा. गाडी खाली बसवायची हौस असेल तर पाट्याच्या टोकांचे बोल्ट आहेतच. मात्र उंची बदलली की कॅम्बरही (चाकाचा उभा कल) बदलतो, अलाइनमेंट पुन्हा करावी लागते.

2020 च्या कॉर्व्हेटमध्ये इंजिन चालकाच्या मागे गेलं आणि चारही चाकांना कॉइल आल्या. जुन्या गाडीच्या मालकाने तेवढ्यावरून पाना हातात घेऊ नये. नेमाने ट्रॅकवर जात नसाल, तर पाटा राहू द्या आणि पैसे शॉक-टायरांवर घाला.