कोठीची खातरजमा

वाळूजच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कुटुंबांनी वसलेल्या बजाजनगरातील एखादा अभियांत्रिकीचा पदवीधर जेव्हा राष्ट्रीय सुरक्षा आणि माहिती-संरक्षण या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा मनोदय बोलून दाखवितो, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या नजरेपुढे सरहद्द आणि गणवेश उभे राहतात. परंतु वडील ज्या यंत्रावर रोज काम करतात, तेही याच विद्येच्या कक्षेत येते. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणकीय विषाणूने इराणमधील नतान्झच्या अणुकेंद्रात यंत्रे चालविणाऱ्या पीएलसी या नियंत्रक-संगणकांमध्ये ठाण मांडून त्या यंत्रांची गती बिघडविली, आणि पडद्यावर मात्र सारे आलबेल असल्याचे जुनेच आकडे दाखविले. पीएलसीवरच वाळूजमधील असेंब्ली लाइनही चालतात.

माहितीची चोरी आज ना उद्या कळते. तिच्यातील भेसळ सहसा कळत नाही, आणि माझ्या मते या शास्त्राचा गाभा तेथेच आहे. जवळच्याच देवगिरीचा इतिहास याची साक्ष देतो. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा मागून दिल्लीची प्रचंड फौज येत असल्याची हूल त्याने उठविली. आणि इतिहासकार फिरिश्ताच्या तवारिखेनुसार, रसद म्हणून घाईने गडावर चढविलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले. गड अभंग राहिला, तरी तेथील यादव राजा रामदेवरायास तह करावा लागला. कोठीची खातरजमा कोणी केलीच नव्हती.

ही खातरजमा आज गणिताने होते. वाळूजलगतच्या छत्रपती संभाजीनगरातील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी डिजिटल पुराव्याची विद्या शिकणारा विद्यार्थी जप्त झालेली हार्ड डिस्क थेट उघडीत नाही. तिच्यावर एक अक्षरही लिहिले जाणार नाही अशा उपकरणामार्फत तिची हुबेहूब प्रत काढतो, आणि दोहोंचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने निघणारी आकड्या-अक्षरांची खूण, ताडून पाहतो. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तरी ती खूण पार पालटते.

चीनच्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, पुणे विद्यापीठात सुरू झालेल्या संरक्षणशास्त्राच्या विभागात सामरिक धोरणाचे, तर खडकवासल्याजवळील गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञान संस्थेत सायबर सुरक्षेचे एम.टेक.पर्यंतचे शिक्षण मिळते. या दोन विद्या एकाच विद्यार्थ्यात नांदाव्यात, असे मला तळमळीने वाटते. कारण एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला ध्यानी येताच सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेस कळविणे बंधनकारक आहे. आणि हल्ला ओळखणे, पुरावा न बिघडविता जपणे व सरकारदरबारी नेमका तपशील देणे, ही तिन्ही कामे पेलणारा माणूस वाळूजच्या लहान व्हेंडरलाही लागणारच आहे.