दुहेरी हनुवटी आणि घसरलेला चार

एमबीबीएसच्या मुलांना एक्स-रे शिकवताना मी आधी एकच प्रश्न विचारतो. ही रेघ हाडातली, की फिल्मवरचा ओरखडा? अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटबद्दल वाचताना हाच प्रश्न पुन्हा भेटला. शिवाय ही नाणी ओळखायला जगाला शिकवणाऱ्यांत दोघे डॉक्टर निघाले, म्हणून हा लेख.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १७९३ ते १८५७ या काळात सुमारे २८ मिलिमीटर व्यासाचे मोठे सेंट पाडले. सुरुवातीला पोलादी ठशात अक्षरे आणि आकडे एकेक करून हाताने ठोकत. त्यामुळे एका वर्षाचेही दोन ठसे तंतोतंत जुळत नाहीत. १७९३ मध्ये शहरात पिवळ्या तापाची साथ आली आणि टोपीवाल्या लिबर्टीचा ठसा कोरणारा जोसेफ राइट तिच्यात दगावला. पुढे रॉबर्ट स्कॉट आला, तसा लिबर्टीचा चेहराही बदलला. एकट्या १७९४ सालच्या सेंटमध्ये ठशांच्या पन्नासहून अधिक जोड्या ओळखल्या गेल्या आहेत.

त्या वेगळ्या काढल्या फिलाडेल्फियाच्याच डॉ. एडवर्ड मॅरिस यांनी, १८६९ मध्ये. त्यांनी प्रत्येक लिबर्टीला नाव दिले: कुणी ‘दुहेरी हनुवटी’, कुणी ‘प्रेमातुर चेहरा’, कुणी ‘घसरलेला चार’. एकीचे नाव चक्क ‘रोमन प्लायका’. प्लायका म्हणजे घडी, शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकातला शब्द. खाट क्रमांक विसरून ‘ती मोठ्या प्लीहेची बाई’ असे म्हणणाऱ्या आम्हा डॉक्टरांची खोड जुनीच दिसते!

ओळखायचे कसे? सालातल्या आकड्यांमधले अंतर बघायचे. मागच्या बाजूला पानांच्या कड्यातली फळे मोजायची, कोणत्या पानाचे टोक कोणत्या अक्षराखाली येते ते पाहायचे. १८०१ च्या एका ठशात तर तीन चुका एकत्र आहेत: १/१०० ऐवजी १/०००, कड्याचा एक देठ गायब आणि ‘युनायटेड’मधल्या पहिल्या अक्षराच्या जागी दोन सुट्या काठ्या. असे नाणे नवशिकाही ओळखेल.

खरी परीक्षा झिजलेल्या नाण्याची. ठशाला तडा गेला की त्या भेगेत तांबे शिरते आणि नाण्यावर रेघ उंच उठते. नाणे नंतर खरचटले तर रेघ खोल जाते. पहिली त्या ठशाच्या पुढच्या सगळ्या नाण्यांवर सापडेल, दुसरी त्या एकाच नाण्याची. जन्मजात आणि नंतरचे, हा फरक आम्हीही रोज करतो. तडा वाढत जातो, म्हणून कोणते नाणे आधी पडले तेही सांगता येते.

दुसरे डॉक्टर विल्यम शेल्डन. १७९३ ते १८१४ च्या सेंटचे त्यांनी १९४९ मध्ये लावलेले क्रमांक आजही चालतात, आणि नाण्याची प्रत ठरवणारी त्यांची १ ते ७० ही मोजपट्टी आज सर्रास वापरली जाते. पण हाच गृहस्थ माणसांचेही ठसे पाडू पाहत होता. शरीराच्या बांध्यावरून स्वभाव ठरतो, या सिद्धांतासाठी त्यांनी विद्यार्थ्यांची हजारो विवस्त्र छायाचित्रे जमवली. सिद्धांत टिकला नाही. नाण्याचा ठसा एकदा कोरला की कोरला. माणसाचे वजन, भूक आणि मनःस्थिती एका वर्षात पालटते, हे आमच्या बाह्यरुग्ण विभागातला शिकाऊ डॉक्टरही सांगेल. तरी ‘जाड म्हणजे आळशी’ असे आम्ही अजून बोलून जातो.

शेल्डन १९७७ मध्ये वारले. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून त्यांनी त्याच प्रकारचे हलक्या प्रतीचे सेंट तिथे ठेवले होते, हे बऱ्याच वर्षांनी उघड झाले. क्रमांक जुळत असल्याने पेटी भरलेलीच दिसे. अखेर जुन्या छायाचित्रांशी एकेक नाणे ताडण्यात आले. ठसा तोच होता, ओरखडे मात्र दुसऱ्या नाण्याचे होते. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये निकाल सोसायटीच्या बाजूने लागला.