घोरण्याचं बजेट

घोरणं हा आपल्याकडे जोकचा विषय. ट्रेकला एका टेंटमध्ये झोपलेला ग्रुप त्यावरून वर्षभर खेचतो. पण रात्रभर घोरूनही सकाळी डोकं जड, दुपारच्या मीटिंगमध्ये पेंग, सिग्नलला डुलकी असं होत असेल तर बॉस, जरा सीरियसली घ्या! झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, हवेची वाट बंद होते आणि १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वासच थांबतो. हाच तो स्लीप अ‍ॅप्निया. २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं.

टेस्टमध्ये माझा आकडा आला ३४. म्हणजे तासाला ३४ वेळा श्वासाची गडबड. ५ च्या आत नॉर्मल, ३० च्या वर सिव्हिअर. उपाय सीपॅप! मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये जगापुढे आणलं. आयडिया साधी, पण मला मिळालेलं पहिलं कोटेशन ७२ हजारांचं. तेवढ्यात सेकंडहँड बाईक येते की हो!

मग सुरू झाली माझी घासाघीस. सेल्समन नेहमी ऑटो मशीनच पुढे करतो. ते दर श्वासागणिक दाब बदलतं, म्हणून महाग. पण बऱ्याच जणांचं काम ठरावीक दाबाच्या साध्या मशीनवर भागतं. फंडा असा, की ऑटो मशीन आधी भाड्यानं आणायचं. त्यातल्या डेटावरून डॉक्टर तुमचा दाब ठरवतात. शिवाय मास्क झेपतोय का, तेही कळतं. (पहिल्या रात्री मी फायटर पायलट दिसत होतो.) टेस्टसुद्धा डॉक्टर हो म्हणाले तर घरीच होते, हॉस्पिटलच्या रूमचं भाडं वाचतं.

सेकंडहँड मशीन? सांभाळून. आतला फोम झिजतो म्हणून फिलिप्सनं २०२१ मध्ये लाखो मशीन्स परत मागवली होती, तेव्हा सीरियल नंबर तपासाच. मास्क मात्र नवाच.

मेडिक्लेमवर फार विसंबू नका, बहुतेक पॉलिसींत सीपॅप 'नॉन-पेयेबल' यादीत असतो. आई-बाबा केंद्र सरकारचे पेन्शनर असतील तर त्यांच्यासाठी सीजीएचएसकडे विचारा, परवानगी मात्र खरेदीच्या आधी. एचआरलाही ओपीडी बेनिफिटचं विचारून ठेवा.

फुकटातले उपाय म्हणजे वजन कमी करणं, झोपण्याआधीचा पेग बंद, कुशीवर झोपणं. टी-शर्टच्या पाठीला टेनिस बॉल शिवा, उताणं व्हायची टाप नाही! सिव्हिअरवाल्यांनी मात्र त्या भरवशावर मशीन सोडू नये.

माझं मशीन अजून भाड्याचंच आहे. पुढच्या महिन्यात डॉक्टर डेटा बघतील, मग साधं विकत घेईन.