म्युच्युअल फंडाचा एनएव्ही निफ्टीच्या चार्टवर कसा आणायचा?

दोन शेअर्सची तुलना सोपी असते. चार्टिंग अॅपमध्ये 'कम्पेअर' दाबलं की झालं. पण तुमची एसआयपी ज्या फंडात जाते तो निफ्टीच्या पुढे आहे की मागे, हे बघायला गेलात तर बऱ्याच अॅपमध्ये तो फंड सापडतच नाही. साधा म्युच्युअल फंड शेअरसारखा दिवसभर ट्रेड होत नाही, त्याचा एनएव्ही दिवसातून एकदाच ठरतो. मग डेटा बाहेरून आणायचा.

डेटा फुकट आहे. अॅम्फीच्या वेबसाइटवर फंडांचे जुने एनएव्ही मिळतात. फाइल साधी टेक्स्ट असते, फक्त रकाने अर्धविरामाने वेगळे केलेले असतात. डायरेक्ट की रेग्युलर, जो प्लॅन तुमच्याकडे आहे तोच घ्या, आणि पर्याय 'ग्रोथ'. आयडीसीडब्ल्यूमध्ये पैसे वाटले की एनएव्ही तेवढा खाली येतो आणि चार्टवर उगाच तोटा दिसतो.

लॅपटॉपवर मी अॅमीब्रोकर वापरतो. त्याच्या इम्पोर्ट विझार्डमध्ये कुठला रकाना तारखेचा आणि कुठला किमतीचा, एवढं सांगायचं. ओपन, हाय, लो, क्लोज या चारही जागी एनएव्हीच टाकायचा. तारखेचा क्रम मात्र नीट निवडा. ०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. फोनच असेल तर गूगल शीट्स पुरेसं आहे.

आता निफ्टी. अॅपमधला नेहमीचा निफ्टी ५० कंपन्यांचा लाभांश धरत नाही. फंडाला मिळालेला लाभांश मात्र एनएव्हीत जमा होतो. म्हणजे फंडाला सुरुवातीलाच फुकटची आघाडी! म्हणून निफ्टी ५० टीआरआय, म्हणजे टोटल रिटर्न इंडेक्स, घ्यायचा. फंडांनी स्वतःची तुलना टीआरआयशीच करावी, असा सेबीचा नियम फेब्रुवारी २०१८ पासून आहे. टीआरआयचे जुने आकडे निफ्टी इंडायसेसच्या साइटवर मिळतात.

एनएव्ही ८५ आणि निफ्टी २२ हजार, असं एकाच पट्टीवर काढलं तर फंडाची रेघ तळाला चिकटते. त्यामुळे दोन्ही १०० पासून सुरू करा: त्या दिवसाचा आकडा भागिले पहिल्या दिवसाचा आकडा, गुणिले १००.

खरी गंमत इथे आहे. पहिला दिवस कोणता? १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२ वर बंद झाला होता, २३ मार्चला ७,६१० वर. जानेवारीपासून मोजलं तर मार्चमध्ये १०० चे ६२ झालेले दिसतात. मार्चपासून मोजलं तर निफ्टी फक्त जुन्या जागी परत आला तरी चार्ट १६२ दाखवतो. अनेक अॅपमध्ये टक्क्यांचा चार्ट स्क्रीनवर दिसणाऱ्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे बोटांनी झूम केलं की आकडे बदलतात. फंड विकणाऱ्याने स्क्रीनशॉट पाठवला तर मी आधी डावीकडची तारीख बघतो. नसेल तर मागून घेतो.

आणि हा चार्ट एकरकमी पैशांचा आहे बरं का. एसआयपीचा प्रत्येक हप्ता वेगळ्या दिवशी जातो, त्याचा परतावा शीट्समध्ये एक्सआयआरआर फॉर्म्युल्याने काढा. निफ्टीसाठीही तेच करा: त्याच तारखांना तेवढेच पैसे टीआरआयमध्ये गेले असते तर किती झाले असते, ते शेजारच्या रकान्यात मांडा.