शिरका आणि घरातला श्वानसोबती

शिरका, म्हणजेच व्हिनेगर, कुत्र्यासाठी विष नव्हे. त्यात साधारणतः ४ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल असते. अन्नातून थेंबभर पोटात गेल्यास सहसा अपाय होत नाही. मात्र पाणी न मिसळता पाजलेल्या शिरक्याने घसा व जठराचा दाह होऊन उलट्या होतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वृद्ध कुत्र्यास तो औषध म्हणून देऊ नये. गोचिडींवरही त्याचा भरवसा धरू नये. त्यात उपचार लांबतात.

खरा धोका शिरक्यात मुरवलेल्या कांदा-लसणाचा आहे. त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. फिकट हिरड्या, थकवा, गडद लघवी ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना तत्काळ कळवावे. घरी उलटी करवू नये.