एसीला स्टार असतात, भिंतीला का नाहीत?

एसी घेताना आपण सगळेच स्टार मोजतो. फ्लॅट बघताना मात्र भिंत कशाची आहे, हे कोण विचारतं? आणि एसी दहा वर्षांनी बदलता येतो, भिंत नाही!

यासाठी नियम आहे बरं का. केंद्राने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. त्यात आरईटीव्ही नावाचा आकडा आहे, म्हणजे छत सोडून भिंती-खिडक्यांमधून आत किती उष्णता शिरते ते. थंड प्रदेश वगळता मर्यादा आहे दर चौरस मीटरला १५ वॉट. हल्ली टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. काम झटपट होतं, पण एएसी ब्लॉकपेक्षा त्यातून उष्णता कितीतरी जास्त आत येते. त्यात पश्चिमेला मोठी काच, वर छज्जा गायब. मग एसी आपल्याकडे चालतो आणि कोळसा चंद्रपूरला जळतो.

गोम अशी की, प्लॅन पास होतो स्थानिक विकास नियंत्रण नियमावलीवर. आकडा तिथे उतरला नाही, तर तो तपासणार कोण? २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जा संवर्धन कायद्यात आल्या, पण अंमलबजावणी राज्याच्या हातात.

साइट व्हिजिटला सेल्सवाल्याला आरईटीव्ही विचारून बघा. त्याला माहीत नसेल, तर दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा.